आधी टेकू, मग खांब

शिकागोला गेलात, की तुमची माणसं तुम्हाला सगळ्यात आधी मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत 'बीन' दाखवतील. त्यात आपलं वेडंवाकडं प्रतिबिंब बघून तुम्ही हसाल, फोटो काढाल. मग आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत, जिथे १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं. मग समुद्रच वाटावा असा मिशिगन तलाव. हे सगळं बघाच. पण एक दुपार राखून ठेवा आणि 'एल'च्या ब्राऊन लाइनवर खिडकीजवळ बसा.

'एल' म्हणजे लोखंडी खांबांवरून, रस्त्याच्या डोक्यावरून धावणारी गाडी. उंच इमारतींमधून बाहेर पडून ती उत्तरेकडे निघाली, की शहराची पाठ दिसायला लागते. मुंबईच्या लोकलमधून कसं, घरांची पुढची दारं दिसत नाहीत, वाळत घातलेले कपडे दिसतात. तसंच इथे. पुढून विटांची, दगडाची, नीटनेटकी तीन मजली घरं; आणि मागे प्रत्येक मजल्याला जोडलेला लाकडी सज्जा, एकावर एक, मधून वर चढत जाणारा लाकडी जिना. बरेचसे राखाडी रंगाने रंगवलेले. त्यावर सायकली, तुळशीच्या भावंडासारख्या बेझिलच्या कुंड्या, मांस भाजायची शेगडी, घडीच्या खुर्च्या. याला तिथले लोक 'बॅक पोर्च' म्हणतात. आग लागली तर बाहेर पडायची ही दुसरी वाट, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी बसायची हक्काची जागा.

गेल्या उन्हाळ्यात मी इंदूरहून ताईकडे गेले होते. तिचं घर शिकागोच्या उपनगरात. शहर दाखवायला भाचा घेऊन आला होता. मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्या वाड्यासारखं दिसतंय. सगळं लाकडावर उभं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, इथेच जवळ एक पोर्च कोसळला होता. मी शाळेत होतो तेव्हा."

राइटवूड अव्हेन्यूवरची रात्र

फुलर्टन स्टेशनवर उतरून आम्ही काही मिनिटं चाललो. झाडांची सावली, शांत रस्ता, कुत्र्याला फिरवणारे लोक. तुम्ही या भागातून गेलात तर इथे काही वाईट घडलं असेल असं तुम्हाला वाटणारही नाही.

२९ जून २००३ ची गोष्ट. मध्यरात्र नुकतीच उलटून गेली होती. एका तीन मजली इमारतीत पार्टी चालू होती आणि मागच्या पोर्चवर तरुण मुलामुलींची गर्दी झाली होती. वरच्या मजल्याचा पोर्च सुटून खालच्यावर पडला, तो त्याच्या खालच्यावर. १३ जण गेले, ५० पेक्षा जास्त जखमी झाले. त्यातले बहुतेक विशीतले. पुढे गर्दीला दोष द्यायचा की बांधकामाला, यावर बरीच वर्षं वाद आणि खटले चालले. शहराचं म्हणणं होतं, की पोर्च परवानगीशिवाय बांधला होता आणि त्याचे आधार अपुरे होते. त्यानंतर शिकागोने पोर्चच्या तपासणीचे नियम कडक केले.

याच शहरात १८८५ मध्ये होम इन्शुरन्स बिल्डिंग ही दहा मजली इमारत उभी राहिली होती. भिंतींवर भार न टाकता धातूच्या सांगाड्यावर उंच जाणारी, जगातल्या पहिल्या गगनचुंबी इमारतींपैकी एक. म्हणजे खांब आणि तुळई यांचं गणित या गावाला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. पण गणित कळणं वेगळं आणि घराच्या मागच्या बाजूला ते पाळणं वेगळं.

परतीच्या गाडीत मी भाच्याला विचारलं, "आणि आपल्या डेकचं काय?"

ताईच्या घरचा डेक

डेक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की बाहेर जमिनीपासून उंचावर लाकडी फळ्यांचा ओटा. एका बाजूने घराच्या भिंतीला जोडलेला, दुसऱ्या बाजूने खांबांवर उभा. ताईकडे हा ओटा सोळा फूट रुंद आणि घरापासून बारा फूट बाहेर आलेला होता, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर. आधीच्या मालकाने बांधलेला, वीसेक वर्षांचा. खाली गवत, त्यावर मुलांचा झोपाळा.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी जिजाजींची पंच्याहत्तरी करायची ठरली होती. चाळीस माणसं येणार, डेकवर पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, तिथेच पंगत. ताईने माझ्याकडून इंदूरहून चांदीची निरांजनं मागवली होती. पण नातवंडं डेकवर पळायला लागली की पायाखाली एक हलकासा झोका जाणवायचा. ताईला त्याची सवय झाली होती. "लाकूडच आहे ते, हलणारच," असं ती म्हणायची.

भाच्याने मधला खांब बदलायचं ठरवलं होतं. तो बुडाशी काळा पडला होता. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून त्याने नवा खांब आणला होता आणि गाडीचा एक जॅकही. बेत असा: तुळईखाली, गवतावर, जॅक लावायचा, तुळई थोडी उचलायची, जुना खांब कापून काढायचा, नवा बसवायचा. "अर्ध्या दिवसाचं काम आहे, मावशी."

त्या संध्याकाळी मी डेकखाली जाऊन उभी राहिले आणि मला घाम फुटला. कारण हे काम मी एकदा पाहिलेलं आहे.

वाड्यातला टेकू

आमचा इंदूरचा वाडा कडीपाटाचा होता. ज्यांनी असा वाडा पाहिला असेल त्यांना आठवेल: खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर आडवा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. वरचं प्रत्येक लाकूड खालच्या लाकडावर बसलेलं. खिळा असो नसो, भार खाली उतरायला वाट सरळ.

मी दहा वर्षांची असताना ओसरीतल्या एका खांबाला वाळवी लागली. वडिलांनी मिस्त्रीला बोलावलं. मला वाटलं, तो येऊन खांब काढेल आणि नवा लावेल. पण पहिले दोन दिवस त्याने खांबाला हातही लावला नाही. आधी आम्हा सगळ्यांना वरच्या खोलीतून हलवलं, धान्याची पोती खाली आणवली. मग खांबाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर रुंद फळ्या टाकल्या, त्यांवर जाड बल्ल्यांचे टेकू उभे केले आणि दोन बाजूंनी पाचरी मारत, एक ठोका इकडे, एक ठोका तिकडे, तुळईचा भार हळूहळू टेकूंवर घेतला. खांब सैल झाला आहे हे हाताने हलवून पाहिलं. तेव्हा कुठे करवत काढली. काम चालू असताना ओसरीत पाऊल टाकायची कुणालाही परवानगी नव्हती, वडिलांनाही नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो हसला नाही. फक्त म्हणाला, "पण तारीख जवळ आली आहे." जिजाजी म्हणाले, "परवाना काढायचा तर महिना जाईल." ताई काहीच बोलली नाही, ती पाहुण्यांची यादी करत होती.

मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. मी सांगितलं, की हा डेक कुणा जाणत्या माणसाने बघितल्याशिवाय मी त्यावर पाऊल ठेवणार नाही, आणि ओवाळायलाही येणार नाही. दोन दिवस घरात जरा ताण होता. तिसऱ्या दिवशी भाच्याने एका सुताराला फोन केला.

स्क्रूड्रायव्हर आत गेला

सुतार पोलंडहून आलेला, साठीचा माणूस. शिकागोत पोलिश लोकांची वस्ती मोठी आहे. त्याने आधी डेकवर न चढता खालूनच सगळं पाहिलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मधल्या खांबाच्या बुडाशी टेकवून दाबला. तो दोन इंच सहज आत गेला, जसा पिकलेल्या पपईत जावा.

तिथून पुढे त्याने जे दाखवलं, ते तुम्ही कुठल्याही लाकडी सज्जाखाली उभे राहून बघू शकता.

पहिली गोष्ट तुळईची. ताईच्या डेकची तुळई खांबांच्या डोक्यावर बसलेलीच नव्हती. खांबाच्या दोन बाजूंना दोन फळ्या लावून त्या बोल्टांनी आवळल्या होत्या. म्हणजे वरचा सगळा भार लाकडावर नाही, चार-दोन बोल्टांवर टांगलेला. लाकूड वाळतं, चिरतं, बोल्टाभोवतीचं भोक मोठं होतं आणि तुळई खाली सरकते. योग्य पद्धत अशी, की तुळई खांबाच्या माथ्यावर पूर्ण टेकली पाहिजे, आणि ती सरकू नये म्हणून धातूची टोपी किंवा खांबातच कापलेली खाच असावी. खाच कापायची तर खांबही जाड हवा. म्हणून आता चार बाय चारऐवजी सहा बाय सहाचा खांब वापरायला सांगतात. तुळई दोन तुकड्यांची असेल तर जोड खांबाच्या डोक्यावरच यायला हवा, मध्येच हवेत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. घराच्या बाजूने डेक ज्या फळीवर टेकतो, तिला लेजर म्हणतात. डेकचा जवळजवळ अर्धा भार हीच फळी घेते. ताईकडे ती नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली निघाली. खिळे उपसून फळी भिंतीपासून सुटणं हे डेक कोसळण्याचं नेहमीचं कारण आहे. तिथे घराच्या मूळ चौकटीत शिरणारे जाड बोल्ट हवेत. शोभेच्या विटांना फळी जोडून चालत नाही. शिवाय फळीच्या वर पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी हवी, नाहीतर पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये एक सज्जा असाच कुजून तुटला. वाढदिवसाला जमलेले सहा तरुण गेले, बहुतेक आयर्लंडहून आलेले विद्यार्थी. वरून त्या सज्जात काही वावगं दिसत नव्हतं.

तिसरी गोष्ट बुडाची. जुने खांब थेट मातीत आणि काँक्रीटमध्ये गाडलेले होते, म्हणून बुडाशी पाणी शोषून काळे पडले. नव्या पद्धतीत खांब काँक्रीटवर धातूच्या बैठकीत, जरा उचलून बसवतात, म्हणजे लाकडाचं टोक कोरडं राहतं. मला लगेच आमचा दगडी तळखडा आठवला. काम तेच, फक्त दगडाच्या जागी लोखंड.

भाच्याने मग कागदावर हिशेब मांडला. तिथल्या घरांच्या नियमांप्रमाणे डेकने साधारण वर्गफुटाला ४० पौंड माणसांचं आणि सामानाचं वजन पेलायला हवं. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२ वर्गफूट. एकूण ७,६८० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन. ७० किलोची पन्नास माणसं. त्यातला निम्मा भार तुळईवर, आणि तुळईच्या निम्म्याहून कमी नाही एवढा एकट्या मधल्या खांबावर. लाकडाचं स्वतःचं वजन धरलं तर टनभर. जो खांब तो एका जॅकच्या भरवशावर काढणार होता, तोच.

सुताराने जॅककडे बघून एवढंच सांगितलं, की जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गवतावर ठेवलेला जॅक ओल्या मातीत कलतो, निसटतो, आणि तेव्हा माणूस नेमका तुळईखाली असतो.

खड्डा बघायला आलेला साहेब

परवाना काढला. मग एक फोन ८११ क्रमांकावर. अमेरिकेत जमीन खणण्याआधी हा फोन करायचा असतो. माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून जातात. दुसऱ्या आठवड्यात ताईच्या गवतावर छोटे झेंडे लागले होते: गॅससाठी पिवळे, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळे. नातवंडांना वाटलं, आजोबांच्या वाढदिवसाची सजावट.

मग तीन खड्डे खणले, प्रत्येक साडेतीन फुटांहून जरा खोल. इतके खोल का? शिकागोच्या हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. ओली माती गोठली की फुगते आणि वरच्या पायाला उचलते. वसंतात वितळली की पाया पुन्हा खचतो. म्हणून पाया ४२ इंचांच्या खाली, जिथे थंडी पोचत नाही, तिथे टेकवायचा. काँक्रीट ओतण्याआधी नगरपालिकेचा तपासनीस आला. त्याने टेपने खड्डे मोजले, तळाची माती घट्ट आहे का ते पाहिलं, सही केली आणि गेला. रिकामा खड्डा बघायला सरकारी माणूस येतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण विचार करा, एकदा काँक्रीट पडलं की खाली काय आहे ते कुणाला दिसणार?

जुना डेक उतरवतानाचा क्रम मी खुर्ची टाकून, लांबून पाहिला. आधी वरच्या फळ्या काढून भार हलका केला. मग तुळईच्या आणि घराच्या बाजूला जाड फळ्यांच्या बैठकीवर टेकूंच्या दोन ओळी उभ्या केल्या, आणि ते कलंडू नयेत म्हणून तिरक्या पट्ट्या ठोकल्या. भार टेकूंवर आल्याची खात्री केली. खाली कुणी नाही हे मोठ्याने विचारून घेतलं. मगच पहिला बोल्ट कापला. अगदी आमच्या मिस्त्रीसारखं. मध्ये पन्नास वर्षं आणि अर्धी पृथ्वी.

पंच्याहत्तरी गवतावर

जुलैचा दुसरा शनिवार आला तेव्हा डेकच्या जागी नुसते तीन काँक्रीटचे ठोकळे होते, त्यांभोवती दोरी बांधलेली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून पक्की आडवी पट्टी ठोकली होती, कारण पलीकडे आठ फूट खोल काहीच नव्हतं.

आम्ही गवतावर सतरंज्या अंथरल्या. ताईची चिडचिड झाली. ओलं गवत, मुंग्या, ताटं तळघराच्या दारातून आणायची. पण पंच्याहत्तर दिवे लावले, जिजाजींना पाटावर बसवलं, आणि चाळीस माणसं त्यांच्याभोवती एकाच बाजूला दाटीवाटीने उभी राहिली. सगळ्यांना फोटोत यायचं होतं. भाचा माझ्या शेजारी उभा होता. तो त्या गर्दीकडे बघत होता, मग दोरीकडे. हळूच म्हणाला, "मावशी, हे सगळे वर उभे राहिले असते."

मी काही बोलले नाही. निरांजन त्याच्या हातात दिलं.

ऑगस्टमध्ये नवा डेक तयार झाला. मी परतण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बहिणींनी त्यावर बसून पोहे खाल्ले. नातू धावत आला आणि धपकन उडी मारली. चहाच्या कपातला चहा हलला, डेक नाही.

तुम्ही जाल तिथे

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्यांसाठी तर हे आहेच. पण आता आपल्याकडेही दरीवर काढलेले लाकडी सज्जे, झाडांवरची घरं, शेतघराचे डेक सगळीकडे दिसतात. आणि जुने वाडे, घरं तर आहेतच. फोटोसाठी सगळे कठड्याकडे धावण्याआधी दोन मिनिटं खालून बघा.

- तुळई खांबाच्या डोक्यावर बसली आहे, की बाजूला बोल्टांवर टांगली आहे?
- भिंतीकडची फळी आणि भिंत यांत फट पडली आहे का? तिथे बोल्ट दिसतात, की नुसते खिळे?
- खांबाचं बूड काळं, मऊ किंवा भुसभुशीत आहे का?
- लोखंडी पट्ट्या, बोल्ट गंजून सोललेत का?
- चालताना डेक बाजूला झुलतो का? कठडा हाताने हलतो का? कठडा निदान ३६ इंच उंच हवा आणि त्याच्या गजांतून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये. मूल अडकण्याची किंवा निसटण्याची भीती तिथेच असते.

यांतलं एकही उत्तर खटकलं, तर माणसं खाली उतरवा आणि जाणत्याला बोलवा. घरमालकाला वाईट वाटेल, बेत बदलावा लागेल, दोन दिवस कुणी नीट बोलणारही नाही. चालतं.

आणि स्वतः दुरुस्ती करायची हौस असेल, तर आमच्या मिस्त्रीचा क्रम लक्षात ठेवा. आधी माणसं बाजूला, मग ओझं खाली, मग टेकू. खांबाला हात सगळ्यात शेवटी.